अट वाचता आली पाहिजे

महाडहून बिरवाडीच्या दिशेने गेले असता सावित्री आणि काळ या नद्यांच्या परिसरात जी औद्योगिक वसाहत लागते, तिच्यातील रासायनिक कारखान्यांचा दैनंदिन व्यवहार आज पुष्कळ अंशी ‘जर’ आणि ‘तर’ या दोन अव्ययांवर चालतो, ही गोष्ट तेथे पाळीने काम करणाऱ्यांखेरीज इतरांच्या फारशी ध्यानात येत नाही. झडप उघडण्याचा हुकूम पूर्वी माणूस देई आणि माणूसच तो बजावी. हुकूम चुकीचा वाटला तर बजावणारा क्षणभर थबके, ‘साहेब, ढवळणी अजून सुरू नाही’ असे म्हणे, आणि त्या एका वाक्याने अनर्थ टळे. आता हुकूम देणारी आणि बजावणारी दोन्ही एकच, पॅनेलमध्ये बसवलेली पीएलसी नावाची पेटी असते. ती थबकत नाही, शंका काढीत नाही, आणि तिला जे लिहून दिले असेल त्याचा अक्षरशः अंमल करते. थबकण्याचे आणि शंका काढण्याचे काम त्यामुळे अट लिहिली जाते त्या वेळी, आणि ती वाचणाऱ्या माणसाकडूनच, होऊ शकते. सबब, प्रोग्रॅममधील अटी सुबोध असाव्यात की नसाव्यात हा प्रश्न लेखकाच्या आवडीनिवडीवर सोडता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्या जीविताचे रक्षण त्या अटीवर अवलंबून आहे त्याला ती वाचता येणे हा त्याचा हक्क आहे, आणि वाचता येईल अशी ती लिहिणे हे लिहिणाराचे कर्तव्य आहे.

हे विधान मोघम राहू नये म्हणून एक अट जवळून पाहू. उष्णता सोडणारी प्रक्रिया रिॲक्टरमध्ये करावयाची असते तेव्हा एक द्रव आधी भरून घेतात आणि दुसरा वरच्या डोसिंग टाकीतून हळूहळू सोडतात. भोवतालच्या जॅकेटमधून थंड ब्राइन फिरत राहते आणि निर्माण होणारी उष्णता वाहून नेते. आतली ढवळणी, जिला कामगार ॲजिटेटर म्हणतात, दोन्ही द्रव एकजीव करीत राहते. ही ढवळणी बंद पडली आणि डोसिंग मात्र चालूच राहिले, तर वरून येणारा द्रव प्रक्रियेत भाग न घेता नुसताच साचत जातो. तापमापक त्या वेळी काहीच वावगे दाखवीत नाही. उलट प्रक्रिया मंदावल्यामुळे तापमान किंचित उतरलेलेही दिसते, आणि अननुभवी माणसास सर्व आलबेल वाटते. मग कोणी तरी ढवळणी पुन्हा सुरू करतो, साचलेला द्रव एकदम मिसळतो, आणि कित्येक तासांत सुटावयाची उष्णता काही मिनिटांत सुटते. तेवढी उष्णता वाहून नेण्याचे सामर्थ्य जॅकेटात नसते. पुढे काय होते ते सांगण्याची आवश्यकता नाही.

म्हणून डोसिंगची झडप उघडण्यापूर्वी निदान चार गोष्टींची खातरजमा व्हावी लागते: ढवळणी फिरत आहे, ब्राइन वाहत आहे, तापमान मर्यादेखाली आहे, आणि निघणारा वायू धुऊन घेणारा स्क्रबर चालू आहे. चार बाबी आणि मध्ये तीन ‘आणि’. इतकी सरळ अट कोणालाही वाचता येते. परंतु कारखान्यातील अट जन्मतः जशी असते तशी राहत नाही. एखाद्या पावसाळ्यात तापमानाचा सेन्सर बिघडतो, नवा येईपर्यंत उत्पादन तहकूब ठेवणे कोणालाच परवडत नाही, आणि हातातल्या तापमापकाने दर पाच मिनिटांनी नोंद घेण्याच्या बोलीवर त्या एका सेन्सरपुरती मुभा मंजूर होते. प्रोग्रॅममध्ये ती मुभा चढवणारा इसम घाईत असतो. तो मूळ ओळीच्या शेवटी दोन शब्द जोडतो, आणि ओळ अशी होते: ‘ढवळणी चालू आणि ब्राइन चालू आणि तापमान 10 अंशांखाली आणि स्क्रबर चालू किंवा तापमान-बायपास’.

वरवर वाचणारास ही ओळ निर्दोष वाटेल, कारण ‘किंवा’ हा शब्द आपण तापमानाशी जोडून वाचतो. लिहिणाराच्या मनातही तेच होते. यंत्राचा शिरस्ता निराळा आहे. बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत ‘आणि’ने जोडलेली पदे आधी एकत्र बांधली जातात आणि ‘किंवा’ त्यानंतर येतो. अर्थात यंत्र असे वाचते की एक तर वरील चारही गोष्टी असाव्यात, नाही तर बायपासची किल्ली फिरवलेली असावी. किल्ली फिरवली की ढवळणी बंद असो, ब्राइन बंद असो, स्क्रबर बंद असो, झडप उघडण्यास यंत्राची हरकत राहत नाही. एका सेन्सरला दिलेली सवलत सर्व संरक्षणांना लागू झाली, आणि तीही कोणी तसे ठरवल्यावाचून. कंसांची एक जोडी घातली असती तर ही आपत्ती टळली असती हे खरे. पण माझा भर कंसांवर नाही. कंस घातलेली ओळही पुढच्या वर्षी आणखी दोन मुभा चढल्यावर तितकीच दुर्बोध होते. भर यावर आहे की ‘तापमानाबाबत हरकत नाही’ असा एक स्वतंत्र निर्णय नावानिशी आधी लिहून ठेवावा, त्यातच सेन्सर आणि त्याची मुभा यांचा काय तो तपशील मिटवावा, आणि अंतिम ओळ पुन्हा चार सरळ बाबींची ठेवावी. तशा मांडणीत बायपासला इतर तिघांपर्यंत हात पोचवायला वाटच राहत नाही, आणि पाळीचा प्रमुख ती ओळ मोठ्याने वाचू शकतो.

यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की यंत्राला दोन्ही मांडण्या सारख्याच. हे सत्य आहे, आणि म्हणूनच तो आक्षेप निरुपयोगी आहे. मांडणी यंत्रासाठी नसतेच. या बाबतीत पीएलसीचा स्वतःचा इतिहास फार बोलका आहे. विद्युत्-रिलेंच्या जाळ्यांना बूलचे बीजगणित लागू पडते हे क्लॉड शॅननने 1937 च्या आपल्या प्रबंधात दाखवून दिले होते. तेव्हा 1968-69 च्या सुमारास अमेरिकेत रिचर्ड मोर्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोडिकॉन 084 हे पीएलसी-यंत्र घडवले त्या वेळी त्यांना बीजगणिताची चिन्हेच प्रोग्रॅमची भाषा म्हणून देता आली असती. त्यांनी लॅडर पद्धत स्वीकारली. दोन उभ्या रेषा, त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या ओळी, आणि प्रत्येक ओळीवर संपर्कांची चिन्हे. कारण मोटारींच्या कारखान्यांतील वायरमन रिलेंची आकृती वाचण्यास सरावलेले होते, आणि मध्यरात्री उत्पादन अडले असता पॅनेल उघडून कारण शोधणारा माणूस तोच होता. आंतरराष्ट्रीय मानकाने 1993 मध्ये पीएलसीच्या भाषांना नियमबद्ध केले तेव्हाही लॅडरचे स्थान अढळ राहिले. वाचणारा कोण आहे हे आधी ठरवून मग भाषा ठरवली, असे हे उदाहरण आहे. आणि त्याच लॅडरमध्ये आज पंचवीस-पंचवीस संपर्कांची एकेक पायरी लिहून ठेवणारे लोक त्या मूळ विवेकाशी प्रतारणा करीत आहेत, असे मला खेदाने म्हणावे लागते.

नकारांचा प्रश्न याहून नाजूक आहे. सुरक्षेच्या तारांची योजना बहुधा उलटी असते: सर्व ठीक असताना तारेतून प्रवाह वाहतो आणि संकट आले की खंडित होतो, जेणेकरून उंदराने तार कुरतडली तरी यंत्र संकट समजून थांबावे. ही योजना शहाणपणाची आहे. पण तिच्यामुळे प्रोग्रॅममध्ये ‘ब्राइन-कमी-नाही’ अशा नावाचा संकेत जन्मास येतो, आणि अलार्म वाजवण्यासाठी त्याच संकेताला ‘नाही’ लावले की ‘ब्राइन-कमी-नाही नाही’ असे वाक्य तयार होते. दिवसाढवळ्या, चहा घेऊन, कागदावर मांडून ते सोडवता येते. पाळीच्या शेवटच्या तासात, अलार्म वाजत असताना, सोडवता येत नाही. समूहाला लावलेला नकार तर अधिकच फसवा. ‘(तापमान जास्त किंवा दाब जास्त) नाही’ हे वाक्य उलगडताना नकार दोन्ही पदांवर जातो आणि मधला ‘किंवा’ बदलून ‘आणि’ होतो, हा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो तो ऑगस्टस डी मॉर्गन 1806 मध्ये आपल्याच देशात, मदुराईत, जन्मला. तो नियम शिकलेला अभियंतासुद्धा घाईत पदे उलटवतो आणि ‘किंवा’ तसाच ठेवतो. मग दोहोंपैकी एक गोष्ट ठीक असली तरी परवानगी मिळते. यावर माझ्या मते एकच खात्रीचा उपाय आहे. तार पॅनेलमध्ये प्रवेश करते त्या पहिल्याच ओळीत तिचा नकार सोडवून टाकावा, तिला ‘ब्राइन वाहते आहे’ असे होकारार्थी नाव द्यावे, आणि त्यापुढच्या साऱ्या प्रोग्रॅमने केवळ त्या नावाशी संबंध ठेवावा.

नावाने जो अर्थ वचन म्हणून दिला तो मग पाळलाही पाहिजे. ‘ढवळणी चालू’ या नावाखाली अनेकदा एवढेच तपासलेले असते की मोटारीचा कॉन्टॅक्टर लागला आहे. मोटार फिरत असून मधले कपलिंग तुटलेले असेल, तर पंखा स्थिर आणि संकेत मात्र ‘चालू’. मोटार किती अँपिअर घेते हे पाहिले तर खरी स्थिती कळते, कारण ओझे नसलेली मोटार प्रवाह कमी घेते. नाव जर ‘ढवळणी चालू’ असेल तर त्यामागे तो पुरावा असावा. नसेल तर नाव प्रामाणिकपणे ‘ढवळणीचा कॉन्टॅक्टर लागला’ असे ठेवावे, म्हणजे वाचणारा तरी सावध होईल. कर्करोगावरील किरणोपचारासाठी बनवलेल्या थेरॅक-25 या यंत्राने 1985 ते 1987 या काळात अमेरिका व कॅनडातील काही रुग्णांना प्राणघातक मात्रा दिली, त्या दुर्दैवी प्रकरणाच्या तपासात निघालेला एक दोष याच जातीचा होता. ‘तपासणी आवश्यक आहे’ असे दर्शवणाऱ्या एका चलपदाला, आवश्यकता असताना, एक ठराविक मूल्य देण्याऐवजी दर फेरीस एकाने वाढवले जाई. ते चलपद 255 च्या पुढे मोजू शकत नसल्यामुळे प्रत्येक 256 व्या फेरीस शून्य होई, आणि शून्याचा अर्थ ‘तपासणी नको’ असा होता. अटीचे वाक्य अचूक होते. ज्या पदावर ती उभी होती त्या पदाचा अर्थ मात्र मधूनच पालटत होता. आणि आधीच्या यंत्रांत असलेली स्वतंत्र, तारांची संरक्षणे नव्या यंत्रातून काढून टाकलेली असल्यामुळे त्या एका शून्याला अडवणारे दुसरे काही उरले नव्हते.

येथे एका गंभीर प्रतिवादाचा विचार केला पाहिजे, कारण तो अनुभवी लोकांकडून येतो. ते म्हणतात की अटींचे तुकडे करून प्रत्येकास नाव देत गेले की विचार विखुरतो. एका झडपेचे कारण शोधण्यासाठी दहा ठिकाणी हिंडावे लागते, आणि मोठी असली तरी एकत्र असलेली अट पत्करली असे वाटू लागते. यात तथ्य आहे. केवळ तुकडे करणे म्हणजे सुबोधता नव्हे. ज्या तुकड्याचा कारखान्यात कोणी कधी उच्चार करणार नाही असा तुकडा पाडूच नये. ‘थंडावा पुरेसा आहे’, ‘वायू धुतला जात आहे’ हे निर्णय माणसे आपसांत बोलतात, म्हणून त्यांना नावे शोभतात. ‘मधली अट क्रमांक सात’ कोणी बोलत नाही. शिवाय, एका झडपेचा अंतिम निर्णय एकाच ओळीत झाला पाहिजे. पीएलसी आपला प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत पुनःपुन्हा वाचत असते, आणि एकाच कॉइलला, म्हणजे आउटपुटला, दोन पायऱ्यांवरून हुकूम दिला तर खालचा हुकूम वरच्यास निमूटपणे रद्द करतो. वरची पायरी कितीही स्वच्छ असली तरी ती मग निव्वळ शोभेची ठरते, आणि तिच्यावर विश्वासून बसलेला माणूस फसतो. जेथे बाबी पाच-सहा आणि परिणामही तितकेच असतील तेथे तर वाक्यांचा हव्यास सोडून तक्ताच करावा: उभ्या बाजूस कारणे, आडव्या बाजूस परिणाम, आणि जेथे संबंध तेथे खूण. ‘जर’मागे ‘जर’ आणि त्याच्या पोटात आणखी एक ‘जर’ अशी चार पातळ्यांची रचना डोक्यात धरणे कोणालाही जड जाते. तोच मजकूर तक्त्यात घातला की कोणता चौकोन रिकामा राहिला हे बोट ठेवून दाखवता येते.

मुभेविषयी आपल्या परंपरेत फार मोलाची दृष्टी आहे, तिचा येथे निर्देश करतो. पाणिनीय व्याकरणात सामान्य नियमाला उत्सर्ग म्हणतात आणि त्याला बाधणाऱ्या विशेष नियमाला अपवाद. अपवादाचे क्षेत्र नेमून दिलेले असते, त्या क्षेत्रापुरता तो बलवान, आणि क्षेत्राबाहेर उत्सर्ग अबाधित. कारखान्यातील बायपासला हीच मर्यादा हवी: तो कोणत्या एका बाबीचा आहे, कोणाच्या मंजुरीने आहे, आणि त्याची मुदत केव्हा संपते, हे तिन्ही अटीतच लिहिलेले असावे. मुदत संपताच तो आपोआप उठला पाहिजे. लॉगबुकात नोंदवलेला आणि प्रोग्रॅममध्ये मुदत नसलेला बायपास पाळीमागून पाळी कोणाच्या तरी स्मरणशक्तीवर टिकून राहतो, आणि स्मरणशक्तीची बदली होते, ती निवृत्त होते, ती रजेवर जाते.

न लिहिलेली अट ही सर्वांत दुष्ट. महाडसंबंधी लिहिताना चवदार तळ्याचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. त्या लढ्याची आणि यंत्राच्या अटींची बरोबरी करण्याचा अविचार मी करणार नाही, परंतु लिखित आणि अलिखित अटींविषयी जे शिकावयाचे ते या गावाने साऱ्या देशाला शिकवले आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुले असावेत असा ठराव रावबहादूर बोले यांनी 1923 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर करून घेतला, महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तळे खुले केले, आणि तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांना सहस्रावधी लोकांसह तेथे जाऊन ते पाणी प्यावे लागले. कारण जी मनाई चालू होती ती कोठल्याच दप्तरात नव्हती, आणि म्हणून तिचा जाब कोणाला विचारता येत नव्हता. पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, दावा लागला, आणि ती रूढी अनादिकालापासून चालत आली आहे असे मनाईच्या कैवाऱ्यांना कोर्टात शब्दांनी मांडावे आणि पुराव्याने शाबीत करावे लागले. ते त्यांना करता आले नाही. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या विरुद्ध दिला. अट शब्दांत उतरली की तिला प्रश्न विचारता येतो. जी शब्दांत उतरत नाही ती ‘असेच चालत आले आहे’ या आधाराने राज्य करते, आणि प्रोग्रॅममध्ये अशा अटी ‘नाही तर’ या शाखेत दडून बसतात: लिहिणाराने ‘जर’ची बाजू विचारपूर्वक लिहिलेली असते, आणि दुसऱ्या बाजूस काय व्हावे हे कोणीच ठरवलेले नसते. तेथे जे घडते ते कोणाच्या निर्णयाने घडत नाही. तरी त्याचे परिणाम मात्र कोणाला तरी भोगावे लागतात.

‘नाही तर’ या शाखेत सर्वाधिक उपेक्षित अवस्था म्हणजे ‘माहीत नाही’. सेन्सरकडून मोजमाप 4 ते 20 मिलिअँपिअरच्या प्रवाहाने येते. तार तुटली की प्रवाह शून्य होतो, आणि बेसावध प्रोग्रॅम त्याचा अर्थ ‘तापमान फारच कमी’ असा करतो. ‘तापमान जास्त नाही’ ही अट पूर्ण होते आणि झडप उघडते. तापमान जास्त नाही असे कळणे आणि तापमान जास्त आहे असे न कळणे, यांत आकाश-पाताळाचे अंतर आहे. आपल्या मीमांसकांनी निषेधाचे पर्युदास आणि प्रसज्यप्रतिषेध असे दोन भेद केले ते अशाच सूक्ष्म भेदांची जाण ठेवून: पहिल्या प्रकारात निषिद्धाहून भिन्न अशा कशाचे तरी ग्रहण होते, दुसऱ्यात केवळ नकार उरतो. म्हणून प्रवाह 3.6 मिलिअँपिअरच्या खाली गेला तर ते मोजमापच नव्हे, असे आधी ठरवावे, आणि परवानगीच्या अटीत ‘तापमान कळले आहे’ ही बाब स्वतंत्रपणे, सर्वांत पुढे लिहावी.

या वसाहतीत ही बाब केवळ तारेपुरती नाही. महाबळेश्वराच्या डोंगरावर पडलेले पाणी पोलादपूरवरून सावित्रीतून खाली येते, काळ आणि गांधारी तिला मिळतात, आणि त्याच वेळी बाणकोटच्या खाडीला भरती असली तर ते पाणी समुद्रात उतरू शकत नाही. हे तीन योग जुळले की महाड बुडते, जसे 2005 च्या आणि 2021 च्या जुलैमध्ये बुडाले. महाडला सावित्रीची धोक्याची पातळी 6.50 मीटर धरलेली आहे. एखाद्या कारखान्याने ‘पातळी 6.50 मीटरच्या वर गेल्यास नवी बॅच घेऊ नये’ अशी अट लिहिली, तर ती वाचायला स्वच्छ आहे, होकारार्थीही आहे, आणि तरीही 2021 च्या त्या रात्रीसारख्या रात्री, जेव्हा वीज गेली आणि मोबाइल बंद पडले, ती कुचकामी ठरते. कारण पातळीचा आकडाच येत नाही, आणि न आलेला आकडा 6.50 हून मोठा नसतो. तीच अट अशी लिहावी: पातळी कळली असेल, ती नोंद पंधरा मिनिटांहून जुनी नसेल, पातळी 6 मीटरच्या खाली असेल आणि बाणकोटला भरती चढती नसेल, तरच नवी बॅच घ्यावी; एरवी घेऊ नये, चालू बॅचचे डोसिंग बंद करावे, आणि ढवळणी व ब्राइन हे दोन्ही जनरेटरवर चालूच ठेवावेत. शेवटचे कलम लिहून ठेवले नाही तर ‘सगळे बंद करा’ असा एकच हुकूम सुटतो, आणि ढवळणीही थांबते. मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, या अटीचा मसुदा पोलादपूर आणि बिरवाडीकडून रात्रपाळीला येणाऱ्या ऑपरेटरांसमोर मराठीत वाचून दाखवावा, ‘भरतीची वेळ कोण कळवणार, आणि त्याचाही फोन लागला नाही तर?’ असे जे प्रश्न ते विचारतील त्यांचा खुलासा अटीतच घालावा, आणि त्यांची सही झाल्यावरच ती पीएलसीत चढवावी.